मॅकाडेमिया लागवड, परागीभवन आणि गराची गुणवत्ता : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
मॅकाडेमिया हे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील वर्षावनातील फळझाड होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याची शास्त्रीय नोंद झाली, विसाव्या शतकात हवाई बेटांवर त्याच्या कलमी बागा उभ्या राहिल्या आणि तेथून ते जगभर पसरले. या प्रवासात गराची गुणवत्ता ही मातृवृक्षाची देणगी मानली गेली. पराग कोठून येतो, तो कोण आणतो, हा प्रश्न दीर्घकाळ दुय्यम राहिला. कलमी बागांची एकरूपता आणि फुलाची परपरागाची गरज यांतील विसंगती कशी निर्माण झाली व ती हळूहळू कशी लक्षात आली, याचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : मॅकाडेमिया, परपरागीभवन, कलमीकरण, डंखरहित मधमाशी, कृषी इतिहास.

प्रस्तावना :
कृषी इतिहासाच्या लेखनात जमीन महसूल, सिंचन, बाजारपेठ व शेतकऱ्यांचे लढे यांना मोठे स्थान मिळाले आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु पिकाच्या फुलात काय घडते, हा विषय बहुधा वनस्पतिशास्त्राच्या विभागाकडे सोपवून इतिहासाचा अभ्यासक मोकळा होतो. वस्तुतः फुलात घडणारी घटना कोणी पाहिली, केव्हा पाहिली, आणि पाहूनही तिच्याकडे दुर्लक्ष का झाले, हा पूर्णपणे इतिहासाचा प्रश्न आहे.

मॅकाडेमियाचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या वनस्पतींपैकी जागतिक व्यापारी फळपीक म्हणून प्रतिष्ठा पावलेले हे सर्वांत ठळक झाड. त्याचा व्यापारी इतिहास जेमतेम दीड शतकाचा आहे. त्यामुळे रानटी झाडापासून कलमी बागेपर्यंतचे सर्व टप्पे कागदोपत्री पुराव्यांसह समोर ठेवता येतात. गहू, भात किंवा द्राक्ष यांच्याबाबत हे शक्य नाही.

उद्दिष्टे :
१. मॅकाडेमियाच्या शास्त्रीय नोंदीचा व लागवडीचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२. गराच्या गुणवत्तेची व्याख्या कशी व कोठे घडली हे स्पष्ट करणे.
३. परागीभवनाविषयीचे ज्ञान आणि प्रत्यक्ष बागायत यांतील अंतराची कारणमीमांसा करणे.

मूळ स्थान आणि मूळ ज्ञाते :
मॅकाडेमियाचे नैसर्गिक क्षेत्र आग्नेय क्वीन्सलँड आणि ईशान्य न्यू साउथ वेल्स या प्रदेशांतील किनारपट्टीलगतच्या वर्षावनांचे. या प्रदेशात हजारो वर्षे राहणाऱ्या आदिवासी समूहांना हे फळ परिचित होते. किंडल किंडल, जिंडिली, बूंबेरा अशी त्याची निरनिराळी नावे त्यांच्या भाषांत होती. माउंट बॉपल या डोंगराच्या नावावरून ‘बॉपल नट’ हे नाव पुढे वसाहतकारांतही रूढ झाले. १८६० च्या दशकात ब्रिस्बेनच्या दक्षिणेकडील लोगन नदीच्या परिसरातील आदिवासी ही फळे गोळा करून गोऱ्या वसाहतकारांना देत व त्या बदल्यात वस्तू घेत, असे सांगितले जाते.

युरोपीय विज्ञानाच्या नोंदवहीत मात्र या झाडाचा प्रवेश उशिरा झाला. लुडविग लाइखार्ट या जर्मन शोधप्रवाशाने १८४३ मध्ये त्याचा नमुना गोळा केला. पण त्याचे नामकरण झाले नाही. ते काम व्हिक्टोरिया वसाहतीचे शासकीय वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्युलर यांनी १८५७ मध्ये केले. त्यांनी या प्रजातीला आपले सहकारी जॉन मॅकॅडम यांचे नाव दिले. मॅकॅडम हे स्कॉटलंडमधून मेलबर्नला आलेले रसायनशास्त्राचे अध्यापक, विद्वत्सभेचे कार्यवाह व पुढे वसाहतीच्या विधिमंडळाचे सदस्य. ज्या झाडाने त्यांचे नाव जगभर नेले, त्याच्या लागवडीशी त्यांचा काहीही संबंध आला नाही.

नामकरणातच एक गोंधळ दडलेला होता. म्युलर यांनी वर्णन केलेली टर्निफोलिया ही जाती लहान व कडवट गराची असून तिच्यात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. खाण्याजोग्या दोन जाती निराळ्या आहेत. गुळगुळीत कवचाची इंटेग्रिफोलिया ही १८९० च्या दशकात, तर खडबडीत कवचाची टेट्राफिला ही थेट १९५४ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून मांडली गेली. तोवर बागायतीच्या लिखाणात खाद्य जातीलाही टर्निफोलिया असेच संबोधले जाई. कोणती जाती कोणाशी संकर करते हे समजण्यासाठी आधी जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात. परागीभवनाच्या अभ्यासाला झालेल्या विलंबाचे एक कारण येथेच सापडते.

ब्रिस्बेन वनस्पती उद्यानाचे प्रमुख वॉल्टर हिल यांची एक हकिगत प्रसिद्ध आहे. रुजवणासाठी बिया फोडण्याचे काम त्यांनी एका मुलाला दिले होते. त्याने गर खाल्ला आणि तो चविष्ट असल्याचे सांगितले. हिल यांनी ते फळ विषारी समजले होते. मुलगा धडधाकट आहे असे पाहून त्यांनी या फळाचा पुरस्कार सुरू केला. १८५८ मध्ये त्यांनी उद्यानात लावलेले झाड हे वसाहतकारांनी लागवड केलेले पहिले मॅकाडेमिया मानले जाते. जे ज्ञान आसपासच्या आदिवासींना विचारून मिळाले असते, ते एका मुलाच्या जिवावर बेतणाऱ्या प्रसंगातून ‘शोधले’ गेले. वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराचे हे स्वभावचित्रच म्हणावे लागेल.

जंगल गेले, बाग आली :
पहिली व्यापारी बाग १८८० च्या दशकात न्यू साउथ वेल्समधील लिस्मोरजवळ, राउस मिल येथे चार्ल्स स्टाफ यांनी लावली. हा परिसर ‘बिग स्क्रब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे ७५,००० हेक्टर वर्षावनाचा भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इमारती लाकूड, ऊस आणि दुग्धव्यवसाय यांसाठी हे वन इतक्या झपाट्याने तोडले गेले, की आज त्याचा एक टक्काही शिल्लक नाही. ज्या झाडाची बाग लावली जात होती, त्याच झाडाचे मूळ घर त्याच दशकांत जमीनदोस्त होत होते, आणि त्याबरोबर त्या फुलांवर येणाऱ्या कीटकांची वसतिस्थानेही. परंतु तेव्हा हा हिशेब कोणी मांडला नाही.

याच सुमारास, १८८० च्या दशकाच्या आरंभी, साखर कारखान्याचे व्यवस्थापक विल्यम पर्व्हिस यांनी मॅकाडेमियाच्या बिया हवाई बेटांवर नेल्या. १८९२ मध्ये जॉर्डन बंधूंनी होनोलुलूत आणखी बिया आणून लावल्या. आरंभी हे झाड शोभेचे मानले जाई. १९२२ मध्ये अर्नेस्ट व्हॅन टॅसल यांनी व्यापारी लागवडीसाठी कंपनी स्थापन केली. या बागा बियांपासून वाढवलेल्या रोपांच्या होत्या. त्यामुळे प्रत्येक झाड वेगळे, कवचाची जाडी वेगळी, गर वेगळा. फळ भरपूर, पण माल एकसारखा नाही, अशी उत्पादकांची अडचण होती.

गुणवत्तेची व्याख्या :
या अडचणीतून हवाई कृषी प्रयोग केंद्राचे कार्य सुरू झाले. १९३८ मध्ये रिपर्टन, मोल्टझाउ आणि एडवर्ड्स यांनी बियांच्या रोपांतील भिन्नता व फळाचे व्यापारी मूल्यमापन यांविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. गराची प्रतवारी करण्याची त्यातून रूढ झालेली पद्धत अत्यंत साधी होती. वाळवलेला गर पाण्यात टाकायचा. तरंगला तर पहिली प्रत, बुडाला तर खालची. गरात तेलाचे प्रमाण सुमारे ७२ टक्के किंवा अधिक असेल तर त्याची घनता पाण्याहून कमी असते व तो तरंगतो. तेल कमी असलेला गर भाजताना काळपट पडतो आणि चावायला कठीण लागतो. याशिवाय कवचासह फळाच्या वजनात गराचा वाटा किती, हा दुसरा निकष.

दुसरी अडचण कलमाची होती. मॅकाडेमियाचे लाकूड टणक असून साधे कलम बहुधा लागत नसे. १९३७ मध्ये जोन्स व बोमाँट यांनी दाखवून दिले, की कलमकाडी घेण्यापूर्वी काही आठवडे फांदीची साल वर्तुळाकार काढल्यास त्या भागात अन्नसाठा वाढतो आणि कलम यशस्वी होते. यामुळे निवडक झाडाच्या हुबेहूब प्रतिकृती करणे शक्य झाले. १९४८ मध्ये विल्यम स्टोरी यांनी केआउहोऊ, नुउआनु, कोहाला, पाहाउ आणि काकेआ या पाच निवडींना नावे दिली. हजारो रोपांतून निवडलेली ही मोजकी झाडे पुढे जगभरच्या बागांची मातृवृक्ष ठरली. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली, तेव्हा स्वतःच्याच रानातील झाडाची कलमे त्या देशाला हवाईहून आणावी लागली.

येथे एका बाबीची विशेष नोंद घेणे आवश्यक आहे. ही निवड ज्या बागांतून झाली त्या बियांच्या रोपांच्या, म्हणजे मिश्र बागा होत्या. निवडलेल्या झाडाभोवती आनुवंशिकदृष्ट्या भिन्न अशी अनेक झाडे फुलत होती. त्या झाडावरील ज्या फळांचा गर पाण्यात तरंगला, त्यांच्या घडणीत शेजारच्या झाडांच्या परागाचाही वाटा असणार. परंतु निवड झाली ती केवळ मातेची. ती माता एकाच वाणाच्या सलग पट्ट्यात लावली गेली, तेव्हा तो शेजार मागेच राहिला.

फुलाची रचना आणि परागाची गरज :
मॅकाडेमियाची लोंबती पुष्पमंजरी शंभर ते तीनशे लहान फुलांची असते. फूल उमलण्यापूर्वीच परागकण कुक्षिवृंताच्या टोकावर येऊन चिकटतात. मात्र त्याच टोकावरील कुक्षी पराग स्वीकारण्यास सिद्ध होते ती उमलल्यानंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग कुक्षीच्या अगदी शेजारी असूनही वेळेचे अंतर त्याला दूर ठेवते. १९८० च्या दशकात मार्गारेट सेजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हेही दाखवले, की त्याच वाणाचा पराग कुक्षीवर रुजला तरी त्याच्या परागनलिकेची वाढ कुक्षिवृंताच्या वरच्या भागात बहुधा खुंटते. ही विसंगती पूर्ण नव्हे, अंशतः असते आणि वाणागणिक कमी-अधिक होते. शिवाय शेकडो फुलांच्या मंजरीतून अखेरीस पक्व होणारी फळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात.

कलमी बागेत याचा अर्थ काय होतो? एका वाणाची हजार झाडे ही आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड होय. शेजारच्या झाडाचा पराग हा दिसायला परका, प्रत्यक्षात स्वतःचाच. डोळ्यांना हजार झाडांची बाग दिसते. फुलाच्या दृष्टीने ती एकाकी असते.

गुणवत्तेच्या संदर्भात आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. आंब्याचा खाल्ला जाणारा रस हा फळाच्या भिंतीचा, म्हणजे मातेच्या ऊतींचा भाग असतो. हापूसला पराग कोणत्याही आंब्याचा मिळाला तरी रस हापूसचाच राहतो. मॅकाडेमियात खाल्ला जातो तो बीजातील गर्भ. काजूगराचेही तसेच आहे. या गर्भात मातेइतकाच पित्याचा वाटा असतो. म्हणून पराग कोणाचा, हा प्रश्न येथे केवळ फळ धरण्याचा नसून गराच्या वजनाचा व प्रतीचाही ठरतो. अर्थात पक्वता, तापमान, खत-पाणी आणि काढणीनंतरची वाळवण यांचाही गुणवत्तेवर परिणाम होतो. परागीभवन हे एकमेव कारण नव्हे; पण दीर्घकाळ विसरले गेलेले कारण मात्र निश्चित आहे.

ज्ञान होते, मग विलंब का?
परपरागीभवनाचे महत्त्व विसाव्या शतकात नव्याने कळले असे नाही. चार्ल्स डार्विन यांनी परपराग व स्वपराग यांच्या परिणामांवरील आपला ग्रंथ १८७६ मध्येच प्रसिद्ध केला होता. १८९० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातील मेर्टन वेट यांनी नासपतीच्या एकाच वाणाच्या मोठ्या बागांत फळ का धरत नाही, याचे उत्तर परपरागाच्या अभावात शोधले. म्हणजे कलमी बागेचा हा धोका मॅकाडेमियाचे पहिले कलम लागण्यापूर्वी चार दशके ज्ञात होता.

हवाईतही हा प्रश्न अगदीच अलक्षित राहिला नाही. १९५४ मध्ये उराता यांनी मॅकाडेमियाच्या परागीभवनाच्या गरजांवर प्रयोग केंद्रातर्फे पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८० मध्ये इतो व हॅमिल्टन यांनी केआउहोऊ वाणाच्या मिश्र व एकवाणी बागांतील उत्पादन आणि प्रत यांची तुलना मांडली. तरीही सलग पट्ट्यांची लागवड चालू राहिली. याची तीन कारणे संभवतात. एक, अंशतः विसंगतीमुळे एकवाणी बागेतही काही फळ मिळतेच. नासपतीच्या बागेसारखे ठळक अपयश येथे दिसत नाही, आणि जे पीक आलेच नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. दोन, फवारणी, काढणी आणि प्रतवारी यांना एकरूपता सोयीची असते. तीन, कीटक फुकट काम करीत होते, आणि फुकट मिळणाऱ्या सेवेचा हिशेब क्वचितच ठेवला जातो.

परागवाहक :
ऑस्ट्रेलियात युरोपीय मधमाशी १८२२ मध्ये आली. पुढे ती रानातही पसरली व बागांना विनामूल्य उपलब्ध झाली. परंतु मॅकाडेमियाचे पुरातन सोबती म्हणजे तेथील लहान, काळ्या, डंखरहित मधमाश्या. १९९० च्या दशकात टिम हर्ड यांनी दाखवले, की युरोपीय मधमाशी बहुधा मकरंदासाठी येते व तिचा कुक्षीशी स्पर्श कमी होतो. डंखरहित माशी मुख्यतः परागासाठी येत असल्याने कुक्षीशी तिचा संपर्क अधिक येतो. बागेभोवती नैसर्गिक वनराई जितकी अधिक, तितक्या या माश्या अधिक, असेही निरीक्षण नोंदवले गेले. तोडलेल्या बिग स्क्रबचा हिशेब असा शतकानंतर पुढे आला.

अलीकडच्या काळात जनुकीय चाचण्यांनी या प्रश्नाला निर्णायक वळण दिले. गराच्या डीएनएवरून त्याचा पिता ओळखता येऊ लागला. स्टीफन ट्रूमन, हेलन वॉलेस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून असे दिसून आले, की एकवाणी पट्ट्याच्या मध्यभागीही पक्व झालेली बहुतांश फळे परपरागाचीच असतात. झाडावर फळे टिकतात ती दूरवरून आलेल्या परागाची. स्वपरागाची बहुसंख्य गळून जातात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हाताने पुरेसा परपराग दिल्यावर झाडाचे उत्पादन जवळजवळ दुपटीपर्यंत गेल्याचे नोंदवले गेले. ज्याला झाडाची क्षमता समजले जात होते, ती प्रत्यक्षात परागाच्या तुटवड्याने आखलेली मर्यादा होती.

वर्तमानातील पेच :
२०१९ मध्ये कॅथरिन नॉक व सहकाऱ्यांनी हरितलवकाच्या जनुकीय आराखड्यांच्या आधारे हवाईतील वाणांचे मूळ शोधले. ते क्वीन्सलँडमधील जिम्पीजवळच्या अत्यल्प झाडांपर्यंत जाऊन पोहोचले. म्हणजे जगभरच्या बागांचा मोठा भाग एका छोट्या घराण्याची संतती आहे. दुसरीकडे, रानातील चारही जाती ऑस्ट्रेलियात संकटग्रस्त म्हणून गणल्या जातात. १९९२ मध्ये वर्णन झालेल्या जॅन्सेनी या जातीची तर शंभराच्या आसपासच झाडे रानात आढळली.

यात मधमाश्यांच्या संकटाची भर पडली आहे. मधमाश्यांवर जगणारी व्हरोआ कोळीड हवाई बेटांवर २००७ मध्ये पोहोचली. ऑस्ट्रेलियात ती जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदरात सापडली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या समूळ उच्चाटनाचा प्रयत्न सोडून देण्यात आला. रानात राहणाऱ्या युरोपीय मधमाश्यांची फुकट सेवा यापुढे गृहीत धरता येणार नाही. डंखरहित माश्यांना मात्र या कोळीडीची बाधा होत नाही. वसाहतकाळात दुर्लक्षित झालेला हा स्थानिक जीव आता बागायतदारांचा आधार ठरू पाहत आहे. परंतु त्याला राहण्यासाठी रान हवे.

निष्कर्ष :
१. मॅकाडेमियाच्या गुणवत्तेची व्याख्या हवाई बेटांवर १९३० च्या दशकात घडली. ती तेलाचे प्रमाण व गराचा वाटा यांवर आधारित होती आणि तिने मातृवृक्षालाच गुणवत्तेचे संपूर्ण श्रेय दिले.
२. मिश्र बागेतून निवड आणि सलग पट्ट्यात लागवड, या दोन टप्प्यांत परपरागाची परिस्थिती बदलली. पण गुणवत्तेच्या निकषांत हा बदल प्रतिबिंबित झाला नाही.
३. परागीभवनाविषयीचे ज्ञान उपलब्ध असूनही एकरूपतेच्या सोयीपुढे ते मागे पडले. अज्ञानापेक्षा हिशेबाची पद्धत येथे अधिक कारणीभूत ठरली.
४. रानटी झाडे, स्थानिक माश्या आणि उरलेले वन यांचे रक्षण हा केवळ पर्यावरणाचा नव्हे, तर पिकाच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

समारोप :
मॅकाडेमियाच्या इतिहासात आदिवासींचे ज्ञान, बियांच्या रोपांतील विविधता आणि डंखरहित माशी या तिन्ही गोष्टी प्रथम गृहीत धरल्या गेल्या, नंतर वगळल्या गेल्या आणि अखेर त्यांची उणीव भासू लागल्यावर अभ्यासाचा विषय झाल्या. पिकाचा इतिहास लिहिताना कोणी काय लावले, याबरोबरच लागवडीत काय गळून पडले, याचीही नोंद अभ्यासकाने घ्यावयास हवी. फळझाडांच्या कलमांवर उभ्या असलेल्या कोणत्याही प्रदेशातील कृषी इतिहासाला हा प्रश्न विचारता येईल.